उद्याने मोजू नका, जोडा : दाटत्या नवी मुंबईत आपली मागणी काय असावी?

शहरात उद्याने किती, याचे आकडे नवी मुंबईत नेहमी ऐकू येतात. पण ती कोणाच्या घरापासून किती लांब आहेत, हे क्वचितच कोणी विचारते. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

शहराची मूळ रचना

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. पूर्वेला पारसिकची डोंगररांग, पश्चिमेला ठाणे खाडी आणि मध्ये वसाहती, अशी ही रचना आहे. बरीच जमीन भरतीच्या पातळीखाली असल्याने धारण तलाव बांधले गेले. डोंगरावरचे पाणी नाल्यांतून या तलावांत येते, भरतीच्या वेळी तिथे थांबते आणि ओहोटी लागली की खाडीत जाते. त्यापुढे कांदळवन. डोंगर, नाला, तलाव आणि कांदळवन ही साखळी म्हणजे शहराची आयती हिरवी जोडणी. मात्र नाल्याला आपण गटार समजतो, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही.

दाटी वाढते तेव्हा

वाशीसारख्या जुन्या भागांत तीन-चार मजली इमारतींच्या जागी टॉवर येत आहेत. मोडकळीस आलेल्या घरांतल्या लोकांना सुरक्षित घर मिळालेच पाहिजे, त्याला आमचा विरोध नाही. पण हिशेब पाहा. समजा, एका सेक्टरमध्ये ५,००० लोक आणि १ हेक्टर उद्यान आहे, म्हणजे माणशी २ चौरस मीटर. लोकसंख्या १५,००० झाली की माणशी पाऊण चौरस मीटरही उरत नाही. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. टॉवरच्या पोडियमवरची बाग ही तूट भरून काढत नाही. ती गेटच्या आत असते आणि स्लॅबवरच्या मातीत मोठे झाड रुजत नाही.

सरासरीत हरवलेली वस्ती

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला एमआयडीसीचे कारखाने आहेत. दिघा, इलठणपाडा, तुर्भे स्टोअर अशा वस्त्याही त्याच बाजूला. पोटासाठी मराठवाडा-विदर्भातून आलेली आपली असंख्य कुटुंबे अशा वस्त्यांत राहतात. नेरूळचे वंडर्स पार्क शहराच्या सरासरीत त्यांच्याही नावावर जमा होते. पण तुर्भे स्टोअरच्या मुलाला तिथे जायला भाडे मोजावे लागते.

मग मागायचे काय?

पहिले, नाल्याकाठ. नाल्यावर स्लॅब टाकण्याऐवजी काठाने झाडे आणि पायवाट हवी. सिंगापूरने कालव्यांच्या व रस्त्यांच्या कडेच्या जागा वापरून ३०० किलोमीटरहून अधिक लांबीचे उद्यानजोड मार्ग उभारले. मात्र हिरवा पट्टा हे झोपड्या उठवण्याचे निमित्त होता कामा नये. जिथे घर हलवणे अटळ असेल, तिथे आधी त्याच परिसरात पक्के घर आणि मगच पट्टा, ही अट मागणीपत्रातच लिहा.

दुसरे, सावलीचे रस्ते. वस्तीपासून शाळा, स्टेशन, दवाखाना आणि विहारापर्यंत सलग झाडे हवीत, बुंध्याभोवती सिमेंट नव्हे तर माती हवी. सम्राट अशोकाने रस्त्यांवर वड लावले, ते माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून, असे त्याच्या सातव्या स्तंभलेखात नोंदलेले आहे. सावली वाटेवरच हवी, हे त्याला कळले होते.

तिसरे, पुनर्विकास. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती जमिनीवर आणि शेजारच्या मोकळ्या जागेला लागून ठेवली, तर तुकड्यांचा पट्टा होतो.

कसे मागायचे?

१९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यावर आणि पुढे होणाऱ्या आरक्षणबदलांवर नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. महापालिका १९९२ मध्ये स्थापन झाली, पण तिचा प्रारूप आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध व्हायला २०२२ उजाडले. अशा वेळी "उद्यान द्या" एवढे लिहून भागत नाही. सेक्टर, भूखंड क्रमांक, तिथले आरक्षण आणि वस्तीपासूनचे पायी अंतर लिहावे. माहिती अधिकारात आरक्षणाचा नकाशा मागवावा. चार-पाच जणांनी एका रविवारी वस्ती ते खाडी चालत जाऊन वाट कुठे तुटते त्या जागा नकाशावर मांडाव्यात.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यापर्यंत चालत जावे लागले. कागदावर सर्वांची असलेली जागा तिथवर पोहोचता आले तरच आपली होते. उद्यानांनाही हीच कसोटी लावूया.

जय भीम!