बास गिटार मुकी झाली तर आधी जॅक पाहा

रेडिओ आणि टेपरेकॉर्डरची कामे आता जवळपास संपली. टीव्ही बिघडला तर लोक नवीन पॅनेलचा भाव विचारतात आणि जुना भंगारात देतात. ज्या कारागिरांनी पंधरा-वीस वर्षे हाती सोल्डरिंग धरले, त्यांनी करावे काय? रत्नागिरीत एक काम असे आहे की ज्याकडे आपल्या मंडळींचे फारसे लक्ष गेलेले नाही. लग्नसराईत आणि गणपतीत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रांची वाद्ये बिघडली की ती मुंबईला पाठवली जातात आणि ऐन हंगामात वादक रिकाम्या हाताने बसतो. यातली ॲक्टिव्ह बास गिटार तर रेडिओ मेकॅनिकच्या अगदी आवाक्यातली आहे.

साध्या गिटारीत पिकअपच्या गुंडाळीतून निघालेला सिग्नल सरळ ॲम्प्लिफायरकडे जातो. ॲक्टिव्ह गिटारीच्या पोटात ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअँप असतो. काहींत अशा दोन बॅटऱ्या, म्हणजे १८ व्होल्ट असतात. अमेरिकेतील म्युझिक मॅन कंपनीची स्टिंगरे ही गिटार १९७६ साली आली आणि तिच्यामुळे ही पद्धत रुळली. आत बहुधा एक आठ पायांचा आयसी, थोडे रेझिस्टन्स आणि कंडेन्सर, एवढाच मामला. टेपरेकॉर्डर उघडलेल्याला त्यात नवल वाटू नये.

मध्यंतरी एक तरुण वादक माझ्याकडे गिटार घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याचा कार्यक्रम होता. बाहेरगावच्या एका दुकानात त्याला संपूर्ण सर्किट बदलायला सांगितले होते. दोष निघाला जॅकमध्ये. या गिटारींचा जॅक स्टिरिओ, तीन पायांचा असतो. बॅटरीची काळी तार त्याच्या मधल्या पायाला जोडलेली असते. साधी मोनो पिन आत गेली की तो पाय ग्राउंडला टेकतो आणि सर्किट चालू होते. म्हणजे जॅक हाच स्विच. मिरकरवाड्याच्या बाजूने येणारा खारा वारा आणि पावसाळ्याची दमट हवा यांनी त्या पत्तीवर हिरवा थर धरला होता. पत्ती घासून थोडी वाकवली, गिटार बोलू लागली.

तपासणी सोपी आहे. बॅटरी काढून मीटर ओहमवर ठेवा. एक टोक बॅटरी क्लिपच्या काळ्या तारेला, दुसरे ग्राउंडला. पिन घातल्यावर शून्य दिसले पाहिजे, काढल्यावर तुटले पाहिजे. वादकालाही सांगा, वाजवून झाल्यावर पिन काढत जा, नाहीतर बॅटरी रात्रभर जळत राहते.

नवी अल्कलाइन बॅटरी ९ व्होल्टच्या थोडी वर दाखवते. ७ च्या खाली आली की आवाज फाटू लागतो. मग मिलीअँपवर मीटर लावून करंट पाहा. बहुतेक गिटारी एक-दोन मिलीअँपच्या आसपास घेतात, त्यामुळे एक बॅटरी शेकडो तास पुरते. दहा-पंधरा मिलीअँप दिसले तर कुठे तरी शॉर्ट आहे किंवा आयसी गेला. टीएल ०७२ जातीचा आयसी असेल तर आठव्या पायावर बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज, आणि पहिल्या व सातव्यावर साधारण निम्मे मिळाले पाहिजे. निम्म्याऐवजी पूर्ण किंवा शून्य आले तर आधी व्होल्टेज निम्मे करणारे दोन रेझिस्टन्स तपासा, मगच आयसीला दोष द्या. दोन बॅटऱ्यांच्या काही सर्किटांत मात्र आउटपुटवर शून्यच असते.

कंट्रोल फिरवताना खरखर आली की आपण लगेच स्प्रे मारतो. स्प्रेने दोन दिवसांत खरखर परत आली तर कंट्रोलवर डीसी येतो का ते मोजा. येत असेल तर कपलिंग कंडेन्सर गळका आहे, कंट्रोल बदलून उपयोग नाही. आणि बदलायचाच झाला तर मूळची किंमत वाचून घ्या. बंद पेटीतल्या ॲक्टिव्ह पिकअपना बहुधा २५ किलोओहमचा कंट्रोल असतो, तिथे हाताशी आहे म्हणून २५० चा बसवू नये.

साध्या गुंडाळीच्या पिकअपचा रेझिस्टन्स साधारण ५ ते १२ किलोओहम मिळतो. मीटर हललाच नाही तर केसाहून बारीक तार तुटली. बहुतेकदा ती बाहेर येते तिथेच खारटपणाने खाल्लेली असते. पंख्याच्या मोटारी भरणाऱ्या हाताला ती जोडणे जमू शकते. पण राळेत बंद केलेले पिकअप उघडायला जाऊ नका, ते फुटतील.

एकदा घाईत मी बॅटरी उलटी टेकवली आणि चांगला आयसी जाळला. त्याचे पैसे अर्थातच गिऱ्हाइकाकडून घेतले नाहीत. तेव्हापासून बॅटरीच्या लाल तारेत १एन५८१७ डायोड टाकून देतो. व्होल्टेज थोडेच पडते आणि उलट्या बॅटरीची भीती राहत नाही. इस्त्री २५ वॅटची वापरावी, आणि सोल्डर करताना गिटारीची पिन ॲम्प्लिफायरमधून काढलेली असावी. गिटार परत देताना बॅटरीवर तारीख लिहावी आणि पेटीत सिलिका जेलची पुडी टाकावी. जॅक साफ केला असेल तर जॅकचाच मेहनताना घ्यावा, सर्किटचा नव्हे. तो तरुण त्यानंतर आणखी तिघांना घेऊन आला.