जोडावर चालणारं इंटरनेट

अकोल्यात घरोघरी ब्रॉडबँड आलं ते नवी तार न ओढता. जठारपेठेत, रामदासपेठेत, रतनलाल प्लॉटमध्ये घरांच्या भिंतींवर टेलिफोनची ड्रॉप वायर आधीच ठोकलेली होती. तीच कामाला लागली. तिच्या टोकाला स्प्लिटर नावाची एक छोटी डबी बसली, डबीतून एक वायर फोनला गेली आणि दुसरी मोडेमला. बोलण्यासाठी टाकलेल्या तांब्याच्या दोन तारा एका दुपारीत इंटरनेटच्या तारा झाल्या.

त्याआधीचं इंटरनेट ज्यांनी वापरलं त्यांना डायल-अपचा तो किरकिरा आवाज आजही आठवत असेल. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे बीएसएनएलचं ‘संचारनेट’ आलं. वेग जास्तीत जास्त ५६ केबीपीएस, तोही कागदावर. इंटरनेट सुरू असेपर्यंत घरचा फोन एंगेज आणि कॉलचं मीटर चालूच. निकाल पाहायचा, प्रवेशअर्ज भरायचा तर बहुतेकांची धाव सायबर कॅफेकडेच असायची. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं आणि त्यात किमान २५६ केबीपीएस वेगाच्या, कायम चालू राहणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ सुरू केलं. मुंबईत एमटीएनएलचं ‘ट्रायबँड’ त्याच सुमाराचं.

इतक्या झटपट हे जमलं कारण तार आधीच जमिनीत होती. पण ती तार चांगली ठेवणारी माणसंही होती, आणि त्यांचं नाव या गोष्टीत क्वचितच घेतलं जातं. म्हणून आधी तारेचा रस्ता पाहू.

एक्स्चेंजमध्ये एका लांबलचक लोखंडी चौकटीवर शहरातल्या तारा येऊन बसतात. तिला एमडीएफ म्हणतात. तिथून शेकडो जोड्यांची जाड केबल जमिनीखालून निघते आणि रस्त्याच्या कडेच्या पिलरपर्यंत जाते. पिलर म्हणजे तो लोखंडी कपाटवजा खांब, ज्याचं दार अनेकदा नीट लागत नाही. पिलरमधून लहान केबली गल्ल्यांत शिरतात, त्या डीपीच्या, म्हणजे वाटप-बिंदूच्या, पेटीत संपतात, आणि डीपीतून ड्रॉप वायर घरात येते. ग्राहकाला दिलेल्या दोन तारांना टेलिफोन खात्यात सगळे ‘पेअर’ म्हणतात. पेअर कुठेही सलग नसते. एमडीएफवर जंपर, वाटेत जोड, पिलरमध्ये जंपर, पुन्हा जोड, डीपीत जोड, घरात रोझेटवर, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीत, जोड. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ असतो. ही युक्ती ग्रॅहम बेलची, १८८१ च्या पेटंटमधली. पिळामुळे बाहेरचा विद्युत-गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो.

फोनवरचं बोलणं साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात मावतं. एक्स्चेंजमधलं यंत्र त्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, दर नमुन्याला ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. डायल-अपचा मोडेम याच वाटेने जायचा, म्हणून तो ५६ च्या पुढे सरकूच शकला नाही. कमी पडत होतं ते पलीकडचं यंत्र. तांब्यात ताकद होती. त्याच तारेतून दहा लाख हर्ट्झपर्यंतच्या लहरी जाऊ शकतात, फक्त त्या आवाजाच्या यंत्रात शिरण्याआधी बाजूला काढायला हव्यात. एक्स्चेंजमध्ये ते काम डीस्लॅम नावाच्या यंत्राशेजारचा स्प्लिटर करतो आणि घरात ती छोटी डबी. खालचे ४ किलोहर्ट्झ फोनला, वरचं सगळं इंटरनेटला. म्हणून आई फोनवर बोलत असताना मुलाचं डाउनलोड चालू राहू लागलं. घरात पॅरलल फोन असेल आणि तो स्प्लिटरच्या आधीच जोडला असेल, तर रिसीव्हर उचलताच इंटरनेट तुटायचं. कित्येक तक्रारींचं मूळ एवढंच असायचं.

या पद्धतीचं नाव एडीएसएल. त्यातला ‘ए’ असमान वाटणीचा: घराकडे येणारा वेग जास्त, घरातून जाणारा कमी. ही सूचना १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेतल्या जोसेफ लेकलायडर यांची. एक्स्चेंजपाशी शेकडो पेअर एका केबलमध्ये खेटून असतात. तिथून निघणारा संदेश ताजा आणि जोरकस असतो, तर घरांकडून येणारा प्रवासाने क्षीण झालेला. दोन्ही एकाच पट्ट्यात ठेवले तर शेजारच्या पेअरचा जोर या क्षीण संदेशाला बुडवतो. म्हणून एडीएसएलमध्ये घराकडून येणाऱ्या संदेशाला खालचा अरुंद पट्टा मिळाला, साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झ, आणि घराकडे जाणाऱ्याला वरचा रुंद, ११०४ किलोहर्ट्झपर्यंत. तेव्हा कंपन्यांच्या डोळ्यांसमोर इंटरनेट नव्हतंच, फोनच्या तारेवरून घरी मागणीनुसार सिनेमा दाखवायचा होता. सिनेमाचा बेत बारगळला आणि तंत्र इंटरनेटच्या कामी आलं.

दुसरा मोठा वाटा स्टॅनफर्डच्या जॉन सिऑफी यांचा. त्यांच्या पद्धतीत रुंद पट्टा एकसंध वापरत नाहीत. त्याचे ४.३१२५ किलोहर्ट्झचे २५६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागावर स्वतंत्र लहर चालवतात. मोडेम चालू केला की त्याचा दिवा काही वेळ लुकलुकतो. त्या वेळात तो आणि डीस्लॅम प्रत्येक लहर तपासत असतात. अकोल्याच्या माणसाला हे समजावायला खारपाणपट्टा पुरेसा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला शेतकरी कोणत्या तुकड्यात पाणी खारं, कुठे जमीन चोपण, हे ओळखून पेरतो. चांगल्या तुकड्यात दाट, वाईटात विरळ, आणि जिथे काहीच येणार नाही तो तुकडा तसाच सोडतो. मोडेमही स्वच्छ लहरीवर एका वेळी १५ बिटपर्यंत चढवतो, गोंगाटाच्या लहरीवर दोन-तीन, आणि अगदी खराब लहर रिकामी ठेवतो. नागपूर आकाशवाणीची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झची. हा आकडा एडीएसएलच्या १३५ आणि १३६ क्रमांकाच्या लहरींपाशी येतो. प्रक्षेपकाच्या जवळ उघड्यावरून जाणारी ड्रॉप वायर अँटेनासारखी ते प्रक्षेपण पकडते आणि मोडेम निमूटपणे त्या लहरी सोडून देतो.

लहरींवर बिट चढवण्याच्या अशा सेकंदाला ४००० खेपा होतात. हिशेब सोपा आहे. २०० लहरी प्रत्येकी ८ बिट वाहत असतील तर ६४ लाख बिट, म्हणजे ६.४ एमबीपीएस. लांबच्या घरात ६० लहरीच टिकल्या आणि त्याही ४ बिटच वाहू शकल्या, तर जेमतेम १ एमबीपीएस. प्लॅन दोघांचा एकच, बिल एकच, तरी तार वेगळी म्हणून वेग वेगळा. बीएसएनएलने २००७ च्या सुरुवातीला वेग २ एमबीपीएसपर्यंत वाढवला. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द याच हिशेबातून आलेला आहे.

अंतर इथे फार कठोर असतं. ३०० किलोहर्ट्झच्या आसपास तांब्याची तार दर किलोमीटरला सुमारे १४ डेसिबल खाते. चार किलोमीटर गेल्यावर संदेशाच्या शक्तीचा काही लाखांतला एक भाग उरतो. अकोला उमरी, खडकी, कौलखेड, मलकापूर असं कडेकडेने पसरत गेलं. नव्या वस्तीत छोटं एक्स्चेंज येईपर्यंत तिथला ग्राहक लांब तारेच्या टोकालाच. आणि मोजायचं ते तारेचं अंतर. घरापासून एक्स्चेंजची इमारत दिसत असली, तरी केबल आधी पिलरला वळसा घालून आलेली असते.

आता जोडाकडे येतो, कारण वऱ्हाडात सगळी कसोटी तिथेच लागते. इथली जमीन कापसाची काळी. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यात पुरलेली केबल वर्षातून दोनदा ओढली आणि दाबली जाते. केबलच्या आत पेट्रोलियम जेली भरलेली असते, म्हणून सलग केबलमध्ये पाणी सहजी पुढे सरकत नाही. पण जिथे ती कापून जोडली, तिथे माणसाच्या हाताइतकंच संरक्षण.

तो हात काम करताना पाहावा. रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात जॉइंटर उकिडवा बसलेला, गुडघ्यांवर केबलची दोन तोंडं. जेली पुसून तो रंग लावून घेतो: पांढरा-निळा, पांढरा-केशरी, पांढरा-हिरवा. एका जोडीतली तार दुसऱ्या जोडीतल्या तारेशी चुकून जुळली तर फोन चालतो, पण पिळाचा फायदा गेला, आणि दोन्ही ग्राहकांचं इंटरनेट कायमचं लंगडं होतं. प्रत्येक तार छोट्या कनेक्टरमध्ये सरकवायची, पकडीने दाबायची. आतली जेली टोकाभोवती पसरते आणि ओल रोखते. पन्नास जोड्यांची केबल असेल तर दोन्ही तारा मिळून असे शंभर जोड. मग सगळ्यावर बाही चढवून आच द्यायची, ती आवळून घट्ट बसेपर्यंत. मेच्या उन्हात, पारा ४५ च्या वर गेलेला असताना, हातात पेटती ज्योत घेऊन हे काम चालायचं. त्या एका खड्ड्यात जी सफाई झाली तिच्यावर पुढची दहा-पंधरा वर्षं कित्येक घरांचं इंटरनेट अवलंबून राहायचं. मोडेमवर जे आकडे दिसतात, लाइन ॲटेन्युएशन (वाटेतली घट) आणि एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या वर उरलेली उसंत), त्यात त्या जॉइंटरच्या कामाची नोंद असते.

बोलण्याला तार थोडी खराब चालते, इंटरनेटला नाही. जोडात ओल शिरली की फोनवर खरखर येते, पण माणूस मोठ्याने बोलून काम भागवतो. मोडेमला ती सोय नाही. तो लहरींवरचा भार कमी करतो, मग तुटतो, पुन्हा जुळवणी करतो. उलट प्रकारही घडतो. दोनपैकी एक तार जोडात सुटली तर डायलटोन जातो, कारण त्याला एक्स्चेंजमधून येणारा ४८ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. पण उंच लहरी ती बारीक फट ओलांडू शकतात. म्हणून फोन मेलेला आणि इंटरनेट रडतखडत चालू, अशी तक्रार दुरुस्तीच्या १९८ नंबरवर आली की नवखा बुचकळ्यात पडायचा. जुना लाइनमन सरळ डीपीची पेटी उघडायचा.

त्या ४८ व्होल्टमुळे आणखी एक गोष्ट वऱ्हाडाने अनुभवली. भारनियमनाच्या त्या वर्षांत तासन् तास वीज नसायची. फोन मात्र एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, अंधारातही डायलटोन यायचा. मोडेमला घरची वीज लागते, म्हणून इंटरनेट बंद. वीज आणि स्वस्त इंटरनेट यांची गाठ पडायची ती मध्यरात्रीनंतर. डेटावनच्या ५०० रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असायचा. अभियांत्रिकीच्या मुलांनी आपली सॉफ्टवेअरं, व्याख्यानं आणि सिनेमे या सहा तासांत उतरवून घेतले. त्या पिढीच्या शिक्षणात या सहा तासांचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग मोबाइलवर इंटरनेट आलं आणि स्वस्तही झालं. लँडलाइन सोडणाऱ्यांची रीघ लागली. रस्ते खणले गेले, केबली तुटल्या, आणि प्रत्येक तुटीबरोबर तारेवर नवा जोड चढला. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे ७८ हजारांहून जास्त कर्मचारी एका दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. कोणत्या पिलरच्या कितव्या पेअरला ओल धरते, कोणत्या चौकात जुना जोड कुठे पुरलाय, ही माहिती बहुतेक नकाशावर नव्हती, माणसांच्या डोक्यात होती. ती त्यांच्याबरोबर घरी गेली. हे नुकसान कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही, पण तांब्याची सेवा त्यानंतर इतक्या लवकर का ढासळली हे समजायला तेच पाहावं लागतं.

आता घरात येते ती काचेची तार. फायबरमध्ये मध्यम लहरींचा त्रास नाही, शेजारच्या पेअरचा नाही, चार किलोमीटरचं अंतरही नगण्य. जोड मात्र आहेतच. स्प्लायसिंग मशिनमध्ये दोन टोकं वितळवून जुळवतात आणि यंत्र लगेच सांगतं की जोडात किती घट झाली. चांगल्या जोडात ती ०.१ डेसिबलच्याही खाली राहते. अकोल्याचा जुना ०७२४ चा नंबर फायबरवर नेता येतो. फक्त काचेतून वीज येत नाही, त्यामुळे घरची वीज गेली आणि ओएनटी, म्हणजे फायबरच्या टोकाचं घरातलं यंत्र, बंद पडलं की फोनही बंद. ज्या घरात एकटे म्हातारे आईवडील राहतात तिथे नंबर फायबरवर नेताना ओएनटीला छोटा बॅटरी बॅकअप जोडून घ्यावा, आणि वर्षातून एकदा घरची वीज बंद करून फोन लागतो का ते पाहावं.