माळढोकाच्या भवितव्याच्या हजार फेऱ्या

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याने ऊस आणला. त्याच जिल्ह्यात नान्नजचा कोरडा माळ मात्र माळढोक या पक्ष्याचा आसरा राहिला आणि १९७९ मध्ये तेथे अभयारण्य जाहीर झाले. पुढे माळढोकांची संख्या ओसरत गेली. इतके थोडे पक्षी पुढील पन्नास वर्षे टिकतील काय, हे साध्या गुणाकाराने सांगता येत नाही, कारण लहान संख्येत योगायोगालाच सर्वाधिक वजन असते. माळढोकाची मादी सहसा एका विणीत एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. एखाद्या वर्षी चारच पिल्ले जगली, तर ती चारही नर निघण्याची शक्यता सोळांत एक असते, पण वीस जगली असता तीच शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी होते.

अशा योगायोगांसाठी संगणकावर सिम्युलेशन, म्हणजे प्राणिसंख्येची आकड्यांतील प्रतिकृती, चालवतात. अमेरिकेतील रॉबर्ट लेसी यांनी घडवलेली ‘व्हॉर्टेक्स’ ही प्रणाली प्रत्येक प्राण्याची स्वतंत्र नोंद ठेवते, त्याचे जगणे, मरणे आणि प्रजनन यादृच्छिक संख्यांच्या आधारे ठरवते आणि त्यात दुष्काळासारखी संकटे तसेच अंतःप्रजननाची, म्हणजे जवळच्या नात्यातील मीलनाची, हानीही मिळवते. हा भविष्यपट शेकडो वेळा नव्याने चालवल्यावर किती फेऱ्यांत संख्या शून्यावर आली, यावरून नामशेष होण्याची शक्यता काढली जाते.

सुतीर्थ दत्ता, असद रहमानी आणि यादवेंद्रदेव झाला या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, देशात सुमारे ३०० माळढोक उरले असल्याचे धरून, याच प्रकारच्या विश्लेषणातून असे दाखवले की या पक्ष्याचे भवितव्य प्रौढांच्या मृत्युदरावर विलक्षण अवलंबून आहे. उशिरा वयात येणाऱ्या आणि सावकाश विणाऱ्या पक्ष्यात वीजतारांना धडकून मेलेल्या एका मादीची भरपाई व्हायला अनेक वर्षे लागतात, हे ध्यानात घेतले की त्या निष्कर्षाचे गांभीर्य उमगते.

हे गणित वनरक्षकापर्यंत आणि गावातील पक्षीनिरीक्षकापर्यंत पोहोचायचे असेल, तर अशा प्रणालीने त्याला ‘विचरण’ किंवा ‘प्रमाण विचलन’ विचारू नये. चांगल्या पावसाच्या वर्षी किती पिल्ले दिसली, दुष्काळी वर्षी किती, तारांखाली किती पक्षी मेलेले सापडले, असे त्याला उत्तर देता येईल तेच मराठीत विचारावे आणि त्यावरून पुढची आकडेमोड स्वतः करावी. माहिती नसलेल्या रकान्यात प्रणालीने स्वतःहून धरलेला आकडा वेगळ्या रंगात दिसला पाहिजे, नाहीतर अंदाजाला निरीक्षणाची प्रतिष्ठा मिळते. उत्तरही एका ठळक रेषेत देणे घातकच ठरेल. सगळ्या फेऱ्यांच्या वक्ररेषा एकत्र उमटाव्यात, म्हणजे त्यांचा फैलाव किती हे नजरेला दिसेल, आणि तारा जमिनीखाली नेल्यास किंवा विणीच्या काळात चराई थांबवल्यास तो फैलाव कोणत्या बाजूला सरकतो, हे वापरणाऱ्याला एक आकडा बदलून लगेच पाहता येईल.