आपला लॅपटॉप, आपली दुरुस्ती



सोपाऱ्याचा स्तूप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. ज्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत, ते १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उघडले. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक निघाला. पंडितजींनी प्रत्येक वस्तू कोठे, कशात व कोणत्या क्रमाने होती याची नोंद ठेवली, म्हणूनच आज आपल्याला हे सांगता येते. उघडताना क्रम लिहून ठेवावा, हा धडा आम्ही त्यांच्याकडून घेतला आणि एका अगदी वेगळ्या कामी वापरला. त्याचीच ही हकीकत.

कोरोनाच्या काळात, २०२० व २०२१ मध्ये, ऑनलाइन शिक्षणासाठी आपल्या वस्तीतील अनेक पालकांनी ऐपतीबाहेर जाऊन जुने लॅपटॉप घेतले. त्यांपैकी एक यंत्र घेऊन पदवीच्या वर्गातील एक मुलगी आमच्याकडे आली. दहा मिनिटे चालून ते बंद पडे. दुकानदाराने “मदरबोर्ड गेला, आठ हजार लागतील” असे सांगितले होते. वडील रंगकाम करणारे. आठ हजार आणणार कोठून? शिक्षण सोडून नोकरी पाहावी, इथपर्यंत घरात बोलणे गेले होते.

तथागतांनी कालामांना उपदेश केला, की कोणी अधिकाराने सांगितले एवढ्यावरून काही मान्य करू नका, अनुभवाच्या कसोटीवर पारखून घ्या. मदरबोर्डच्या बाबतीतही हेच खरे. आम्ही यंत्र उघडले. पंख्याच्या तोंडाशी धुळीची नमद्यासारखी जाड पट्टी बसली होती. गरम हवा बाहेर पडत नव्हती आणि प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापला, की यंत्र स्वतःच्या बचावासाठी बंद होत होते. मदरबोर्ड धडधाकट होता.

उघडण्यापूर्वी

यंत्र वॉरंटीत असेल तर उघडू नये, कंपनीच्या सेवा केंद्रात न्यावे. बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे खालचे झाकण वर आले असेल किंवा टचपॅड उचलला गेला असेल, तर तेथेच थांबावे. फुगलेली लिथियम बॅटरी दाबली वा टोचली गेली तर पेट घेते. ती जाणकाराकडूनच बदलून घ्यावी. कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा संकलनात द्यावी.

इतर बाबतीत यंत्र पूर्ण बंद करावे आणि चार्जर काढावा. कोरड्या टेबलावर पांढरे कापड पसरावे व डोक्यावरचा पंखा बंद करावा, नाही तर बारीक स्क्रू हरवतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतला भाग फुटतो. हात धातूच्या नळाला लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. झाकण निघाल्यावर सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी आणि सुरू करण्याचे बटण वीसेक सेकंद दाबून उरलेली वीज काढून टाकावी.

साफसफाई

पंख्याची पाती टूथपिकने अडवून मगच ब्लोअरने हवा मारावी. पंखा मोकळा भरधाव फिरला तर बिघडतो. जाळीतील धूळ मऊ ब्रशने काढावी. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर आतून फिरवू नये, त्याने स्थिर वीज निर्माण होते. प्रोसेसर व तांब्याची पट्टी यांमधील थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावावी.

आपल्या भागात खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. त्यामुळे रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर मळ धरतो व यंत्र सुरू होऊनही पडदा काळा राहतो. दोन्ही बाजूंचे चाप सोडले की पट्टी तिरकी वर येते. टोके मऊ खोडरबराने हलकेच पुसून, रबराचा चुरा झटकून ती पुन्हा घट्ट बसवावी. पुष्कळदा ‘मेलेले’ यंत्र एवढ्यावर उठते.

यंत्र चालते पण रखडते, अशी तक्रार असेल तर जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते व सुई माहिती शोधते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. रॅम वाढवताना मात्र जुन्या पट्टीवरील अक्षरे वाचावीत. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, दोहोंच्या खाचा वेगळ्या असतात. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे सुटे भाग मिळतात. जाताना जुना भाग सोबत न्यावा आणि पावती घ्यावी.

ऑपरेटिंग सिस्टीम

यंत्र म्हणजे देह मानला, तर त्याला कामाला लावणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ती यंत्रे चालू राहतात, परंतु वाढीव मुदतीच्या योजनेत नोंद नसेल तर त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत ती नसते.

अशा यंत्रांसाठी लिनक्सचा मार्ग आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. लिनक्स मिंट कमी ताकदीच्या यंत्रावरही चालते. आपल्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसाठी तयार केली आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. मात्र टॅलीसारखे कार्यक्रम लिनक्सवर थेट चालत नाहीत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी घेऊन निवड करावी.

फुकटात ‘क्रॅक’ केलेले विंडोज घेऊ नये. आम्ही बँकेत काम करतो. अशा यंत्रावरून खात्याचा पासवर्ड टाकणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाकडे ठेवणे होय. मूळ परवाना असलेल्या यंत्रावर तीच आवृत्ती पुन्हा घातली, तर इंटरनेटला जोडताच तो परवाना बहुधा आपोआप ओळखला जातो.

प्रत्यक्ष स्थापना

येथे आमची चूक सांगणे आवश्यक आहे. त्या मुलीचा लॅपटॉप चालू झाल्याच्या आनंदात आम्ही लगोलग नवी प्रणालीही घातली. आत काय आहे, हे विचारलेच नाही. तिचा चाळीस पानांचा प्रकल्प अहवाल पुसला गेला. ती रडली नाही, आम्हाला एक शब्द बोलली नाही. चार रात्री जागून तिने तो पुन्हा लिहिला. आठ हजार वाचवल्याचा आमचा अभिमान तेथेच गळून पडला.

म्हणून पहिली पायरी ही, की सर्व माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि उतरवलेल्या फायली तेथून उघडून पाहाव्यात. दुसरी पायरी, यंत्रात बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्यावी. तिसरी, अधिकृत संकेतस्थळावरूनच प्रणाली घेऊन किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा एचरच्या साहाय्याने चढवावी. पेनड्राइव्हवरील जुने सर्व पुसले जाते, हेही विसरू नये. चौथी, यंत्र सुरू होताना बूटची कळ दाबावी. डेल व लेनोवोत बहुधा एफ१२, एचपीत एफ९ असते. पाचवी, लिनक्स असेल तर ते न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा तपासावा. सहावी, बॅटरी भरलेली व चार्जर लावलेला असताना स्थापना करावी. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. आणि ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय दाबण्यापूर्वी यंत्राच्या मालकाला एकदा विचारावे. यंत्र त्याचे, माहिती त्याची.

डॉ. बाबासाहेबांनी शिक्षणाला अग्रक्रम दिला. आजच्या विद्यार्थ्याच्या हातातील पाटी म्हणजे हे यंत्र. ते बंद पडल्याने कोणाचे शिक्षण बंद पडू नये. विहारात एक स्क्रूड्रायव्हर संच, एक ब्लोअर व दोन पेनड्राइव्ह ठेवावेत आणि शिकलेल्याने दुसऱ्याला शिकवावे, अशी आमची सूचना आहे. त्या मुलीने आजवर तीन लॅपटॉप दुरुस्त केले आहेत. यंत्र हाती घेताना ती प्रथम विचारते, “आत काय काय जपायचे आहे?” हा प्रश्न आम्ही तिच्याकडून शिकलो.

जयभीम! नमो बुद्धाय!