पेल एलचे घरचे परीक्षक

१९७० च्या सुमारास अमेरिकेत कुणी बिअर चाखून गुण द्यायला बसलं असतं, तर वहीत लिहायला फारसं काही सापडलं नसतं. दुकानोदुकानी एकाच घडणीची, फिकट, बर्फगार प्यायची लागर. नावं वेगळी, चव जवळपास तीच. बदल आला तो हॉपच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलाच्या, एका नव्या वाणातून. इंग्लंडच्या फगल आणि रशियाच्या सेरेब्रियान्का या वाणांच्या वंशातला हा कॅस्केड. त्याच्यावरचं काम ओरेगनमध्ये १९५६ पासून चाललं होतं, शेतकऱ्यांच्या हाती तो आला १९७२ मध्ये. तीन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने तो लिबर्टी एलमध्ये मोकळ्या हाताने वापरला आणि ग्लासातून पपनसाच्या सालीचा, चिडाच्या डिंकाचा वास येऊ लागला.

पण चाखण्याची शिस्त ब्रुअरीतून नाही, घरांतून आली. दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त झाली १९७८ मध्ये, जिमी कार्टर यांच्या सहीने: एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन प्रौढांच्या घराला २००. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झन यांनी घरी बिअर करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. स्वतः केलेली बिअर बिघडली की नुसतं ‘आवडली नाही’ म्हणून भागत नाही, काय बिघडलं हे ओळखावं लागतं. लोण्यासारखा वास आला तर यीस्टला काम पुरं करायला वेळ मिळाला नाही. उकडलेल्या मक्याचा वास बहुधा उकळण्यातल्या कसरीचा. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर हवा लागली. डॅनिश रसायनतज्ज्ञ मॉर्टन मीलगार्ड यांनी त्याच दशकात बिअरच्या वास-चवींचं वर्तुळ मांडलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांसाठी आखलेली ही भाषा हळूहळू घराघरांतल्या वह्यांत उतरली.

याच घरगुती वर्तुळातून केन ग्रॉसमन आले. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात त्यांचं घरी बिअर करण्याच्या सामानाचं दुकान होतं. पॉल कमुसी यांच्यासोबत त्यांनी दुग्धव्यवसायातली जुनी भांडी जुळवून सिएरा नेवाडा उभी केली आणि १९८० च्या अखेरीस बिअर करायला सुरुवात झाली. पेल एलचे सुरुवातीचे दहाएक घाणे त्यांनी ओतून दिले. ते पिण्याजोगे नव्हते असं नाही, पण एकाची चव दुसऱ्याशी जुळत नव्हती. पैशाची चणचण असलेल्या दोन तरुणांनी आपल्याच मालाला इतके कडक गुण द्यावेत, याला धाडस लागतं. आज जगभर जिला अमेरिकन पेल एल म्हणतात, तिचा नमुना म्हणून याच ५.६ टक्के अल्कोहोलच्या बाटलीकडे बोट दाखवलं जातं.

१९८५ मध्ये बिअर परीक्षकांचा प्रमाणपत्र कार्यक्रम सुरू झाला आणि गुणांना चौकट मिळाली. आज त्याच्या गुणपत्रिकेत ५० पैकी वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण आहेत. ही वाटणी शहाणपणाची आहे. डोळे सगळ्यात आधी मत बनवतात, म्हणूनच त्यांच्या हाती फक्त तीन गुण. सिएरा नेवाडाची बाटली घरी ओतताना हे कळतं. तिच्या तळाशी यीस्टचा पातळ थर असतो. ग्लास तिरका धरून सावकाश ओतलं आणि शेवटचं बोटभर मागे ठेवलं, तर सोनेरी-तांबूस रंग स्वच्छ दिसतो. वर पांढरा फेस येतो आणि प्रत्येक घोटागणिक काचेवर त्याची कडी उमटत जाते. गढूळ ओतली तर दिसण्याचा एखादा गुण जाईल, पण चव फार बदलणार नाही. फ्रिजमधून काढल्यावर थोडा वेळ थांबायला हवं. सात-आठ अंशांच्या आसपास वास खुलतो, त्याहून गार असेल तर कॅस्केड गप्पच राहतो.

लेबल पाहून गुण फुगतात, यावरचा उपायही जुनाच आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये १९४० च्या दशकात रुळलेली तिहेरी चाचणी: तीन ग्लास, दोहोंत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी ओळखायची. घरी ती सहज जमते, ओतणारा मात्र दुसरा हवा. आपली लाडकी पेल एल शेजारच्या बिअरपासून वेगळी काढता येत नाही, हे कळणं गुणांच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाचं आहे.

२००२ मध्ये कोलोरॅडोच्या ऑस्कर ब्लूजने डेल्स पेल एल कॅनमध्ये भरली आणि उजेडाने बिअर नासण्याचा प्रश्न निदान तिच्यापुरता मिटला. नंतर सिट्रासारखे आंब्या-लिचीच्या वासाचे हॉप आले. २०१० पासून अनटॅप्ड या ॲपवर पाचपैकी तारे देता येऊ लागले. इथे मात्र नुकसानही झालं. ताऱ्यांच्या याद्यांत वर चढल्या त्या जबर कडक स्टाउट आणि दाट, गढूळ आयपीए (इंडिया पेल एल). पहिल्या घोटाला थक्क करणाऱ्या बिअरला जास्त तारे मिळतात. दुसरा ग्लास मागावासा वाटणारी पेल एल मधेच कुठेतरी राहते. म्हणून गुणपत्रिकेतले ते एकूण परिणामाचे दहा गुण ग्लास संपल्यावरच द्यावेत.

मुंबई-कोलकात्याला पेल एल नवी नाही. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीची पिंपं ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इथे उतरत होती. ताज्या क्राफ्ट बिअरची गोष्ट मात्र अलीकडची. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, गोव्यातून एट फिंगर एडी ही आयपीए आली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे इथला घरचा परीक्षक फक्त चाखणारा. २०२० च्या टाळेबंदीत ग्रोलरमधून, म्हणजे भरून न्यायच्या मोठ्या बाटलीतून, ताजी बिअर घरी न्यायला परवानगी मिळाली आणि त्याचं काम सोपं झालं. अडचण उष्म्याची आहे. हॉपचा वास सगळ्यात आधी उडतो, आणि मे महिन्यात दुकानाच्या फळीवर पडून राहिलेला कॅन गुण द्यायच्या लायकीचा राहत नाही. पुण्या-मुंबईतल्या वहीत पहिला रकाना हवा तो बिअर भरल्याच्या तारखेचा, आणि त्याच्या शेजारी दुकानदाराने ती फ्रिजमधून काढून दिली की फळीवरून, याची नोंद.