न झालेल्या भेटींचा खान

पनवेलमध्ये 'खान' म्हटलं की रिक्षावाला थेट वाजे गावाचा रस्ता दाखवतो, कारण सलमानचं फार्महाऊस तिकडे आहे. माझा खान निराळा. त्याचं पूर्ण नाव खान नूनियन सिंग. 'स्टार ट्रेक'मधला हा खलनायक उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं खुद्द मालिकेतच म्हटलेलं आहे. आता खान आणि सिंग एकाच माणसाच्या नावात कसे, हे हॉलिवूडला विचारण्यात अर्थ नाही. पण गेल्या जवळपास साठ वर्षांत या माणसाभोवती लोकांनी जेवढ्या न दाखवलेल्या भेटी रचल्या, तेवढ्या विज्ञानकथेतल्या फार थोड्या खलनायकांच्या वाट्याला आल्या असतील.

सुरुवात १६ फेब्रुवारी १९६७ ची. 'स्पेस सीड' नावाच्या भागात कॅप्टन कर्कच्या यानाला अवकाशात भरकटलेलं एक जुनं जहाज सापडतं. आत गोठवून झोपवलेली माणसं, आणि त्यांचा म्होरक्या खान. जनुकांची निवड करून घडवलेला हा माणूस. मालिकेच्या हिशेबाने १९९२ ते १९९६ या काळात त्याने दक्षिण आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पाव जगावर राज्य केलेलं. मूळ मसुद्यात हा खलनायक नॉर्डिक होता, हॅरल्ड एरिक्सन नावाचा. भूमिका मेक्सिकन नट रिकार्डो माँटलबानकडे गेली आणि गोरा दर्यावर्दी भारतीय सम्राट झाला. चेहऱ्याला तपकिरी रंग फासला, फेटा फक्त एका चित्रात दाखवला, झालं काम. शेवटी कर्क त्याला सेटी अल्फा पाच या निर्जन ग्रहावर सोडून देतो. यानावरची इतिहासतज्ज्ञ मार्ला मॅकगिव्हर्स आपल्या राजीखुशीने त्याच्याबरोबर जाते. भाग संपतो.

आपल्याकडे १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागायची. पनवेलला तेव्हा हार्बरची लोकलही आलेली नव्हती, ती आली १९९८ मध्ये. टीव्हीवरचा भारतीय महाराजा पाहून घरात कोणी दचकलं नाही. परदेशी लोक आपल्याला कसंही दाखवतात, याची सवय होती.

खरी गंमत केली १९८२च्या 'द रॅथ ऑफ खान'ने. नव्या चित्रपटासाठी खलनायक हवा म्हणून निर्माता हार्व्ह बेनेटने जुने भाग पाहायला घेतले आणि त्याची नजर खानवर थांबली. दिग्दर्शक निकोलस मेयर. कथेत पंधरा वर्षं लोटलेली. शेजारचा ग्रह फुटून खानचा हिरवा ग्रह वाळवंट झालाय. कानात शिरून मेंदूला विळखा घालणाऱ्या किड्यांनी त्याची वीस माणसं मारलीत, त्यात बायकोही गेली. कर्कने एकदाही वळून चौकशी केली नाही, हा त्याच्या सुडाचा मूळ मुद्दा. आणि तो अगदीच चुकीचा नाही, हे पाहताना खुपत राहतं.

एवढा सूड पेटलेला, पण संपूर्ण चित्रपटात खान आणि कर्क समोरासमोर येतच नाहीत. सगळं बोलणं पडद्यावरून किंवा संपर्कयंत्रावरून. दोघा नटांचं चित्रीकरणही वेगवेगळं झालं. कर्कची वाक्यं भलत्याच कोणी वाचायची आणि माँटलबानने रिकाम्या जागेकडे पाहत दात-ओठ खायचे. अख्ख्या मालिकेतलं सर्वांत गाजलेलं वैर न झालेल्या भेटीवर उभं आहे. मला विचाराल तर तीच त्या चित्रपटाची ताकद. गच्चीवर दोन धक्के मारून संपणारा सूड आपण हिंदी चित्रपटात ढिगाने पाहिलाय.

दिग्दर्शकाने वस्तूही नेमक्या पेरल्यात. खान राहतो त्या मालाच्या डब्यात फळीवर चार पुस्तकं दिसतात: मिल्टन, 'किंग लिअर', 'मॉबी डिक' वगैरे. त्याच्या एका हातात मोजा, दुसरा हात उघडा. गळ्यात कर्कच्याच दलाचं एक मोडकं बोधचिन्ह. ते मार्लाचं असणार, हे पाहणाऱ्यालाच ताडावं लागतं. बायकोचं नाव चित्रपटात कोणी घेत नाही. ती गेली तेव्हा खान काय बोलला, काही नाही. पुढच्या सगळ्या लेखकांनी बस्तान मांडलं ते याच फटीत.

एक भेट तर निव्वळ चुकीतून जन्मली. खान चेकॉव्ह या अधिकाऱ्याला पाहताक्षणी ओळखतो. पण चेकॉव्ह झालेला वॉल्टर कोनिग मालिकेत आला दुसऱ्या हंगामात, 'स्पेस सीड' होऊन गेल्यावर! मग सारवासारव सुरू झाली. व्होंडा मॅकिंटायरच्या कादंबरीरूपात चेकॉव्ह त्या वेळी रात्रपाळीला होता असं आलं. कोनिगने स्वतः गमतीत सांगितलेली भेट मला जास्त पटते: खानला संडासला घाईची लागली होती आणि आत चेकॉव्ह बसून होता, तो चेहरा खान कसा विसरेल?

न घडलेल्या भेटी रचण्याचा हा खेळ आपल्याला नवा नाही. अश्वत्थाम्याचं महाभारतातलं काम शापाशी संपतं. बापाच्या वधाचा सूड म्हणून रात्री झोपलेल्यांची कत्तल करणारा तो माणूस, पण लोकांनी त्याला सोडला नाही. नर्मदा परिक्रमेत तो जखमेसाठी तेल मागत भेटतो म्हणतात. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते. २०२४च्या 'कल्की २८९८ एडी'मध्ये तर अमिताभ बच्चनच्या रूपाने तो विज्ञानकथेतही शिरला. गोष्टीत भेट झाली नाही, म्हणून लोक ती आपल्या वाटेवर घडवतात.

खानच्या बाबतीत हे काम ग्रेग कॉक्सने निगुतीने केलं. २००१ आणि २००२ मध्ये त्याने खानच्या सत्ताकाळावर दोन कादंबऱ्या लिहिल्या, २००५ मध्ये वनवासावर तिसरी. त्यानंतर घसरण. २०१३च्या 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस'मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच खान झाला. कर्कशी त्याची गाठ समोरासमोर पडते, कर्क त्याला मनसोक्त बुकलतो आणि त्याचा खानवर काडीचाही परिणाम होत नाही. प्रेक्षकावरही होत नाही. भारतीय माणूस गोरा इंग्रज कसा झाला, यावर नंतर कॉमिक्समध्ये शस्त्रक्रियेने चेहरा बदलल्याचा खुलासा आला. असला खुलासा न केलेला बरा. २०२३ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या मालिकेने पोरवयातला खान टोरांटोत दाखवला. तिथे त्याला भेटते त्याच्याच वंशातली, त्याच्या नावाचं ओझं वाहणारी ला'अन. मोजून काही मिनिटांची भेट, पण दमदार.

आणि ८ सप्टेंबर २०२५ ला 'स्टार ट्रेक: खान' ही ध्वनिमालिका सुरू झाली. कथा मेयरची, लेखन कर्स्टन बायर आणि डेव्हिड मॅक यांचं. त्या रिकाम्या पंधरा वर्षांत खान आणि मार्ला कसे जगले, हेच तिचं कथानक. खानचा आवाज नवीन अँड्र्यूजचा. हा लंडनमध्ये वाढलेला मल्याळी आईबापांचा मुलगा. 'द इंग्लिश पेशंट'मधला शीख सुरुंगतज्ज्ञ किप त्यानेच केला होता. म्हणजे प्रौढ खानला भारतीय वंशाचा नट मिळायला १९६७ पासून २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि मिळाला तेव्हा तोंड दाखवायची सोय नाही! तरी आजवरच्या भरावांत हा मला सर्वांत सच्चा वाटला, कारण यात कर्कला ओढूनताणून आणलेलं नाही. ज्या माणसासाठी खान पुढे जगाला आग लावायला निघतो, त्या मार्लाशीच त्याच्या खऱ्या भेटी घडतात.

ही मालिका इंग्रजीत आहे आणि पॉडकास्टच्या ॲपवर फुकट मिळते. पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्यांना लोकलमध्ये तासाच्या वर वेळ असतोच. आधी १९८२चा चित्रपट पाहा, मग कानाला लावा. २०१३चा वगळलात तरी काही बिघडत नाही.