यमुनेचा आकडा

दिल्लीत यमुनेवर एक जुना लोखंडी पूल आहे. वरून रेल्वे आणि खालून वाहने अशी त्याची रचना असून तो एकोणिसाव्या शतकात बांधला गेला. या पुलापाशी नदीची पातळी मोजली जाते आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत, मीटरमध्ये, जाहीर केली जाते. 204.50 म्हणजे इशारा, 205.33 म्हणजे धोका आणि 206 म्हणजे काठावरील वस्ती हलविण्याची वेळ. शहरातील बहुसंख्य रहिवाशांना हे आकडे ठाऊक नसतात. मात्र नदीच्या पात्रालगत झोपड्या बांधून भाजीपाला आणि फुलझाडे पिकविणाऱ्या कुटुंबांतील लहान मुलेदेखील ते तोंडपाठ म्हणून दाखवितात.

या पट्ट्याला तिकडे 'खादर' म्हणतात. आपल्याकडे नदीचे वा धरणाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे लोक जमिनीतच राहतात. खादर आणि शहर यांच्यामध्ये मातीचा उंच बांध आहे. त्याला 'पुश्ता' असे नाव आहे. पुश्त्याच्या एका अंगाला मयूर विहारसारख्या वसाहतींतील बहुमजली सदनिका आणि दुसऱ्या अंगाला ताडपत्रीची घरे. एरवी या दोन जगांचा संबंध भाजीच्या हातगाडीपुरता. जुलै 2023 मध्ये मात्र दोहोंना एकाच पाण्याने गाठले.

रविवार, 9 जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत दिल्लीत 153 मिलिमीटर पाऊस झाला. जुलै महिन्यातील एका दिवसाचा एवढा पाऊस 1982 नंतर प्रथमच पडला होता. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस अनुभवलेल्या मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु दिल्लीला खरे भय आपल्या आकाशाचे नसते, ते हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरांचे असते. तेथे कोसळलेले पाणी हरियाणातील हथनीकुंड बंधाऱ्यावरून सुटते आणि साधारणतः दोन ते तीन दिवसांत राजधानीत पोहोचते. म्हणजे हे संकट तारीख सांगून येते. तरीही ते आले की माणसे गोंधळतात, याचे कारण असे की पाणी येणार हे कळते, किती येणार हे कळत नाही.

10 जुलैच्या संध्याकाळी नदीने धोक्याची पातळी ओलांडली. खादरात ध्वनिक्षेपकावरून सूचना सुरू झाल्या. ज्यांनी पूर्वीचे पूर पाहिले होते ती कुटुंबे आपापली गुरे, शेळ्या आणि पत्र्याच्या पेट्या घेऊन पुश्त्यावर चढली. घरातील कर्ता पुरुष पुष्कळदा मागेच थांबला. सामान चोरीस जाऊ नये ही एक काळजी आणि पाणी गुडघ्यापर्यंतच राहील हा पूर्वानुभवाचा भरवसा. त्या भरवशाने अनेकांना छपरावर चढविले आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या नौकांची वाट पाहावयास लावले. 12 जुलैच्या दुपारी 207.49 मीटर हा सप्टेंबर 1978 पासूनचा उच्चांक मागे पडला. 13 जुलैला पाणी 208.66 मीटरवर पोहोचले.

पुश्त्याच्या आतल्या दिल्लीनेही त्या दिवशी नदी पाहिली. कश्मीरी गेटचे आंतरराज्य बसस्थानक, सिव्हिल लाइन्सचे बंगले, यमुना बाजार, राजघाट आणि आयटीओचा चौक पाण्याखाली गेले. निगमबोध घाटावरील अंत्यसंस्कार थांबवावे लागले. सुश्रुत ट्रॉमा सेंटरमधील रुग्णांना, कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्यांसह, दुसऱ्या रुग्णालयात हलविण्यात आले. वझीराबाद, चंद्रावल आणि ओखला ही तीन जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडल्याने चहूकडे पाणी असूनही शहरात पिण्याच्या पाण्याची टंचाई निर्माण झाली. लाल किल्ल्याच्या तटाला पाणी टेकले, तेव्हा वृत्तपत्रांनी जुनी चित्रे काढून दाखविली: मोगलांच्या काळी नदी किल्ल्याच्या पायथ्याशीच वाहत होती. आजचा रिंग रोड तेथे आहे, जेथे तेव्हा होड्या होत्या.

उत्तरेकडील मुकुंदपूर येथे साचलेल्या पाण्यात तीन मुले बुडाली. संपूर्ण पुराच्या वृत्तांतात ही नोंद दोन ओळींची होती.

मुकुंदपूरपासून जवळच बुराडी आहे आणि मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबणे स्वाभाविक आहे. याच परिसरातील यमुनेच्या काठावर 10 जानेवारी 1760 रोजी दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले. त्याच वर्षी पावसाळ्यात भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली. परंतु दुथडी भरलेली यमुना मध्ये आडवी असल्याने पलीकडच्या अब्दालीशी गाठ पडेना. ऑक्टोबरच्या अखेरीस पाणी उतरू लागले आणि अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली. पानिपताची कथा सांगताना आपण तलवारींविषयी पुष्कळ बोलतो, नदीच्या पातळीविषयी थोडे. तेव्हा ती मोजायला लोखंडी पूल नव्हता, एवढेच.

आता थोडा हिशेब. ऑगस्ट 2019 मध्ये हथनीकुंडवरून सुमारे 8.28 लाख क्यूसेक विसर्ग झाला होता. दिल्लीत पातळी 206.60 मीटर राहिली. 2013 मध्ये विसर्ग सुमारे 8.06 लाख क्यूसेक होता आणि पातळी 207.32. जुलै 2023 मध्ये कमाल विसर्ग सुमारे 3.59 लाख क्यूसेक, म्हणजे 2019 च्या निम्म्याहून कमी, आणि पातळी मात्र दोन मीटरांहून अधिक चढली. ताळेबंदात असा विरोधाभास दिसला तर कोणताही लेखापरीक्षक लेखणी खाली ठेवून कागद मागवील. येथेही ते झाले. मोठा विसर्ग अनेक तास टिकून राहिला, दिल्लीत स्वतःचा पाऊसही भरपूर होता, पात्रात गाळ साचला होता आणि पूरक्षेत्र बांधकामांनी आक्रसले होते. आयटीओ येथील बंधाऱ्याच्या 32 दरवाजांपैकी 5 दरवाजे गाळात अडकून बसले होते. ते उघडण्यासाठी लष्कर आणि नौदलाची मदत घ्यावी लागली. पाणी तेवढेच मागे येते जेवढी जागा त्याच्याकडून घेतलेली असते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण अडकलेले दरवाजे हे निसर्गाचे काम नव्हे, हेही त्याच नोंदीत लिहावे लागेल.

पुश्त्यावर आणि उड्डाणपुलांखाली त्या आठवड्यात हजारो माणसे राहिली. पंचवीस हजारांहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी हलविल्याची नोंद आहे. तंबूत स्त्रियांना आडोसा नव्हता, शौचालयांची रांग मोठी होती, डासांचा उपद्रव होता. लंगर आणि स्वयंसेवी मंडळींमुळे जेवण मिळत होते. चारा मिळणे अधिक कठीण. गुरांचे मोल तेथे शब्दशः मोजले जाते. नोएडा परिसरातून आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी 'प्रीतम' नावाच्या एका वळूची सुटका केली, तेव्हा त्याची किंमत एक कोटी रुपये असल्याचे जाहीर झाले आणि देशभर कौतुक झाले. खादरातील शेळीची किंमत कोणी जाहीर केली नाही. पण ज्या घरात दुसरी बचत नाही, तेथे शेळी हीच मुदत ठेव असते. गरज पडली की मोडावयाची.

पेटीत काय असते? कपडे, थोडी चांदी आणि पिशवीत गुंडाळलेले कागद: आधार कार्ड, शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले, पासबुक. पुराचे वर्णन करणारे लोक घर गेल्याचे जितक्या शांतपणे सांगतात, तितक्या शांतपणे कागद गेल्याचे सांगत नाहीत. घर आठ दिवसांत पुन्हा उभे राहते. कागद गेला तर आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी दुसरा कागद लागतो आणि तोही भिजलेलाच असतो. दिल्ली सरकारने 16 जुलै 2023 रोजी प्रत्येक बाधित कुटुंबास दहा हजार रुपयांची मदत, आधारसारखी कागदपत्रे वाहून गेलेल्यांसाठी विशेष शिबिरे आणि मुलांना पुस्तके व गणवेश देण्याची घोषणा केली, तिच्यामागे हीच जाणीव होती.

जमिनीचे दुखणे याहून खोल आहे. दिल्लीत सातबारा नसतो, परंतु असता तरी त्यावर यांची नावे नसती. पूरक्षेत्राचा मोठा भाग सार्वजनिक मालकीचा आहे आणि जानेवारी 2015 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने प्रदूषित यमुनेच्या या पट्ट्यात खाद्यपिके घेण्यास मनाई केली. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या हाती मालकीचा पुरावा नाही, म्हणून पीककर्ज नाही. कर्ज नाही, म्हणून नैसर्गिक आपत्तीत रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मिळणारी कर्जाची पुनर्रचनाही नाही. पीक बुडाल्यानंतर बियाण्यासाठी तो सावकाराकडेच जातो.

बँकेच्या दारी मात्र त्याला येता येते, आणि ही गोष्ट पुरग्रस्तांइतकीच शाखेतील कर्मचाऱ्यांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोणतेही अधिकृत ओळखपत्र नसलेल्या व्यक्तीस छायाचित्र देऊन आणि बँक अधिकाऱ्यासमक्ष स्वाक्षरी अथवा अंगठा करून 'लघु खाते' उघडता येते. त्यात शिल्लक पन्नास हजारांपर्यंत आणि महिन्याला काढावयाची रक्कम दहा हजारांपर्यंत अशा मर्यादा आहेत. पहिल्या बारा महिन्यांत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर मुदत आणखी बारा महिने वाढते. भिजलेल्या नोटांविषयीही गैरसमज पुष्कळ. मळलेल्या आणि फाटक्या नोटा शाखेत बदलून मिळतात; परंतु सुटू शकणार नाहीत अशा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नोटा शाखेत स्वीकारल्या जात नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात. तेव्हा ओल्या गड्डीला घाईने उन्हात टाकण्यापेक्षा एकेक नोट हळूच सोडवून सावलीत वाळविलेली बरी.

सदनिकांतील ग्राहकासाठीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती त्याच्या अपेक्षेविरुद्ध आहे. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे वा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे लॉकरचे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. भूकंप, पूर, वीज यांसारख्या नैसर्गिक आपत्तीसाठी मात्र ते नाही. जागा सुरक्षित ठेवण्याची काळजी तेवढी बँकेने घ्यावयाची. म्हणजे लॉकरमधील ऐवजाचा विमा ज्याचा त्याने पाहावयाचा. मोटारीचेही तेच. जुलै 2023 च्या अखेरीस हिंडन नदीला पूर आला, तेव्हा नोएडाच्या इकोटेक-3 परिसरात ओळीने उभ्या केलेल्या शेकडो मोटारींची केवळ छपरे पाण्यावर दिसत होती. हवेतून घेतलेले ते छायाचित्र पुष्कळांच्या स्मरणात असेल. केवळ तृतीय पक्ष विमा असलेल्या वाहनमालकाला अशा वेळी काहीच मिळत नाही, सर्वसमावेशक विमा असेल तरच भरपाईचा प्रश्न येतो.

18 जुलै 2023 च्या रात्री पातळी आठ दिवसांनंतर धोक्याच्या खाली उतरली. अनेक कुटुंबे अंथरुणे घेऊन खाली गेली. घरांत घोट्याएवढा गाळ होता आणि साप निघत होते. दुसऱ्याच दिवशी पाणी पुन्हा चढले आणि ती माणसे तीच अंथरुणे घेऊन पुन्हा पुश्त्यावर आली.

दोन वर्षांनी, 4 सप्टेंबर 2025 रोजी, लोखंडी पुलाजवळचा आकडा 207.48 होता; 1978 च्या जुन्या उच्चांकाहून केवळ एक सेंटिमीटर कमी. यमुना बाजार बुडाला, निगमबोध घाट बंद झाला, मयूर विहारजवळ तंबू लागले. या वेळी खादरातील अनेकांनी आकडा 206 होण्याची वाट पाहिली नाही. पेट्या आधीच वर आल्या होत्या.